श्रेणीची चौकट

विश्वनाथभट गायधनी यांनी रामकुंडावर ग्रहणाचा मोक्षकाळ एका घटकेने चुकवला आणि ओल्या धोतरात कुडकुडणाऱ्या यजमानांना शांतपणे सांगितले, की घोटाळा सूर्याचा आहे. त्यांचे चिरंजीव नारायणशास्त्री यांनी दोन सख्ख्या भावांच्या मुंजी भलत्याच तिथीला लावल्या आणि खापर पंचांगाच्या छापखान्यावर फोडले. नारायणशास्त्र्यांचे चिरंजीव शामसुंदरपंत शाळेत गणित शिकवत. फळ्यावरचे उत्तर चुकले, की पुस्तकाची आवृत्ती जुनी ठरे. शामसुंदरपंतांची कन्या डॉ. गोदावरी. तिला घराण्याकडून बुद्धी मिळाली, ताठ कणा मिळाला आणि 'माझे चुकले' हे दोन शब्द आयुष्यात कधीही न उच्चारण्याची सवय मिळाली. ही सवय कोणत्या गुणसूत्रावरून उतरते, हे विज्ञानाने अजून शोधलेले नाही. गायधन्यांपैकी कुणी शोधले असते, तर त्याने ते दुसऱ्याच घराण्यात दाखवले असते.

सन २००७मध्ये गोदावरीबाई अडुसष्ट वर्षांच्या होत्या. सरकारी रुग्णालयातल्या पॅथॉलॉजी विभागाच्या प्रमुखपदावरून निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षे झाली होती. गंगापूर रोडवरच्या दोन खोल्यांत त्यांची स्वतःची लॅब होती. तिथे त्या, एक सूक्ष्मदर्शक आणि लताबाई नावाची तंत्रज्ञ एवढाच कारभार. शहरातले सर्जन त्यांना नुसते 'बाई' म्हणत आणि फोन करण्याआधी घसा साफ करत. नव्या काचेच्या इस्पितळांविषयी बाईंचे मत ठाम होते: तिथे लादी इतकी चकचकीत असते, की डॉक्टरांना स्वतःचे तोंड सोडून दुसरे काही दिसत नाही.

अशाच एका इस्पितळाची पिशवी घेऊन जुलैतल्या एका सकाळी एक तरुणी त्यांच्या दारात आली. पोटावर पदर ओढून ती अवघडून बसली.

"मी संध्या. धनराज सहादू भोये माझे मिस्टर. आमचे सासरे तुमच्या हाताखाली होते, बाई."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "कुणी पाठवलं तुला?"

"कुणी नाही. सासूबाईंना सांगितलं असतं, तर त्यांनी येऊच दिलं नसतं." संध्या जरा थांबली. "सासरे म्हणायचे, बाई तोंडाच्या फटकळ, पण स्लाइड दाखवावी तर त्यांनाच."

धनराजची उजवी किडनी नऊ सेंटिमीटरच्या गाठीसह काढली होती. अहवाल होता: किडनीचा कॅन्सर, चौथी श्रेणी. श्रेणी एकपासून चारपर्यंत असते. चौथी सर्वांत वाईट. कॅन्सरच्या डॉक्टरांनी वर्षभर आठवड्याला तीन इंजेक्शने सांगितली होती आणि दीड-दोन वर्षांची मुदत दिली होती. संध्याला चौथा महिना लागला होता. तिचा थोरला भाऊ रंगनाथ रोज सांगत होता, की बाप नसलेले पोर जन्माला घालू नकोस, अजून वेळ आहे.

"मला औषधाचं काही कळत नाही," संध्या म्हणाली. "एवढंच सांगा, बाळ ठेवू का?"

"ते देवाला विचार. मला किडनीबद्दल विचार," बाई म्हणाल्या. "गाठीच्या तुकड्यांचे मेणाचे ठोकळे ठेव इथं आणि नवऱ्याला उद्या रक्त द्यायला पाठव."

ती गेल्यावर बाईंनी लताबाईला चहा करायला पाठवले. सहादू हे नाव बाईंनी सोळा वर्षांत एकदाही उच्चारले नव्हते.

सहादू पेठ तालुक्याकडचा. लॅबमध्ये शिपाई. बरण्या धुणे, फॉर्मॅलिन भरणे, अवयव मेजावर मांडणे, हे त्याचे काम. १९९१च्या ऑगस्टमध्ये एकाच दिवशी दोन किडन्या आल्या: एक क्षयाने पोखरलेली, दुसरी गाठीची. तुकडे बाईंनी कापले, पेन्सिलने लिहिलेल्या चिठ्ठ्या बाईंनीच बरण्यांत टाकल्या आणि उलट्या टाकल्या. नामपूरच्या क्षयाच्या बाईला कॅन्सरचा अहवाल जाणार होता. सहादूला इंग्रजी अक्षर येत नव्हते. पण नामपूरच्या बाईच्या किडनीला एकाऐवजी दोन मूत्रनळ्या होत्या, हे त्याने बरणी उचलताना पाहिले होते. त्याने ते सांगितले, विद्यार्थ्यांसमोर. बाई म्हणाल्या, "सहादू, तू बरण्या धू. निदान मी करते." सगळे हसले. संध्याकाळी बाईंनी एकटीने बरण्या उघडल्या आणि अहवाल दुरुस्त केला. दुरुस्तीच्या कागदावर त्यांनी लिहिले, 'फेरतपासणीत दोष माझ्या निदर्शनास आला.' वर त्यांचे कौतुकही झाले. महिन्याभरात, 'कामात हस्तक्षेप करतो' या त्यांच्याच शेऱ्यावर सहादूची बदली शवागारात झाली. आठ वर्षे तो तिथे होता. २००३मध्ये तो वारला, तेव्हा बाईंना निरोप आला होता. त्या गेल्या नाहीत. त्या दिवशी काम फार होते, असे त्यांनी स्वतःला सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी त्या स्लाइडला बसल्या. पहिल्या दृष्टिक्षेपातच त्यांच्या ओठांना मुरड पडली. पेशी फिकट, मोठ्या, एकमेकींना भिंतीला भिंत लावून बसलेल्या, वनस्पतीच्या पेशींसारख्या जाड कडांच्या. केंद्रके बेदाण्यासारखी सुरकुतलेली आणि प्रत्येकाभोवती पांढरे कडे. हा किडनीच्या कॅन्सरचा क्रोमोफोब नावाचा उपप्रकार होता, शंभरात पाचेक सापडणारा. याची केंद्रके जन्मतःच वेडीविद्री दिसतात. किडनीच्या नेहमीच्या कॅन्सरसाठी आखलेली मोजपट्टी इथे लावली, तर बिचारा दर वेळी तिसरा नाही तर चौथा येणार. आणि त्या आकड्याचा रोग्याच्या आयुष्याशी काही संबंध नसणार. पाहायचे ते वेगळेच असते. गाठ किडनीबाहेर गेली आहे का? पेशी सुतासारख्या लांबट, उधळल्यासारख्या झाल्या आहेत का? बाईंनी बाराही ठोकळ्यांचे काप पाहिले. कुठेच नाही. लोहाच्या जुन्या रंगाने पेशी निळ्या होतात का, तेही लताबाईकडून करून घेतले. निळ्याशार झाल्या, म्हणजे क्रोमोफोबच.

मग रिक्षा करून त्या काचेच्या इस्पितळात गेल्या. धनराजचे कॅन्सरतज्ज्ञ डॉ. शौनक हे त्यांच्या धाकट्या बहिणीचे चिरंजीव.

"मावशी! फोन करायचा ना, गाडी पाठवली असती."

"गाडी नको. हा चार आकडा कुणी लिहिला?"

शौनकने कागद पाहिला. "आमच्या पॅथॉलॉजिस्टनं. चांगली मुलगी आहे."

"चांगली असेल. क्रोमोफोबला ही श्रेणी लागू नसते, हे तिला ठाऊक नाही?"

"तिनं मला सांगितलं होतं तसं," शौनक खुर्चीत सरकला. "पण मावशी, आमचं सॉफ्टवेअर... किडनीचा फॉर्म उघडला, की श्रेणीची चौकट येते. ती रिकामी ठेवली, तर प्रिंटच निघत नाही."

"म्हणून चार?"

"केंद्रकं वाईट दिसत होती. काहीतरी भरायचंच होतं."

"उद्या त्या चौकटीत रोग्याच्या मृत्यूची तारीख मागितली, तर तीही भराल?" बाई म्हणाल्या. "एका यंत्राला रिकामी जागा सहन होत नाही, म्हणून तू एका माणसाला दीड वर्ष दिलंस. तुझ्या आजोबांनी निदान पुस्तकाला दोष दिला होता. पुस्तक छापायला तरी माणूस लागतो."

शौनक दुखावला. "मग पुरावा दे. नुसतं निळं दाखवून मी इंजेक्शनं बंद नाही करणार. क्रोमोसोम तपासून आण."

पुरावा बाईंकडे असतोच. मुंबईत त्यांची जुनी विद्यार्थिनी स्नेहल गुणसूत्रांची प्रयोगशाळा चालवत होती. गाठीचा ठोकळा आणि धनराजचे रक्त दोन्ही तिच्याकडे गेले. गाठीचा अहवाल आधी आला, शौनकच्या नावे आणि बाईंना प्रत: पहिले, दुसरे, सहावे, दहावे, तेरावे, सतरावे आणि एकविसावे, या सात गुणसूत्रांची एकेक प्रत गाठीच्या पेशींतून गायब. क्रोमोफोबची ही खूणच. बाईंनी समाधानाने कागद टेबलावर आपटला. रक्ताचा अहवाल दोन दिवसांनी येणार होता, कारण रक्तातल्या पेशी आधी वाढवाव्या लागतात.

त्या दोन दिवसांत शौनकने नातलगांना फोनवर सांगितले, "सात क्रोमोसोम गेलेत." पुढचे वाक्य बोलायच्या आत त्याला दुसरा फोन आला. रंगनाथला पहिले वाक्य पुरले. बापाची सात गुणसूत्रे गेली आहेत, म्हणजे पोर सात गुणसूत्रे कमी घेऊन येणार. त्याने एका नर्सिंग होममध्ये शुक्रवार सकाळची वेळ घेतली.

गुरुवारी दुपारी संध्याचा फोन आला. ती रडत नव्हती, हेच बाईंना जास्त लागले. रक्ताचा अहवाल त्याच सकाळी हाती आला होता. बाईंनी सगळ्यांना शौनकच्या खोलीत बोलावले आणि यायला उशीर झाला म्हणून फैलावर घेण्याची तयारी ठेवली. ते वेळेवर आले. अशक्त धनराज, संध्या, इस्त्रीच्या सदऱ्यातला रंगनाथ आणि सहादूची विधवा कलाबाई. ती खुर्चीवर बसली नाही.

"संध्या, उद्या कुठंही जायचं नाही," बाईंनी सुरुवात केली. "या माणसाला चौथी श्रेणी नाही. याला कोणतीच श्रेणी नाही. आणि मुलाला..."

"थांबा," कलाबाई म्हणाली. "तुमी म्हंता ते खरं कशावरून?"

शौनकने मान वर केली. बाईंना कुणी असे विचारलेले त्याने आजवर ऐकले नव्हते.

"मी सांगते आहे म्हणून."

"तवा बी तुमीच सांगत व्हत्या," कलाबाई म्हणाली. आवाज चढला नाही. "आमचा म्हातारा सांगत व्हता दोन नळ्याचं, तर तुमी म्हनल्या बरण्या धू. मंग कागदावर लिव्हलं, बाईनं पकडलं. आन् त्याला धाडला मुडद्यांत. आठ वरीस मुडद्यांच्या वासात जेवला तो. चुकल्यावर तुमी कागद फिरवत्या, बाई. आज बी फिरवत नसल कशावरून? नातू माझा हाय."

रंगनाथ म्हणाला, "जाऊ द्या आई, मोठ्या लोकांचं..."

"तू गप, रंगनाथ," कलाबाई म्हणाली.

बाईंच्या मनात तीन उत्तरे तयार होती. शिपायाने विद्यार्थ्यांसमोर बोलायला नको होते. बदलीचा हुकूम कार्यालयाचा होता. आणि मूळ चिठ्ठ्यांची शाई... पण चिठ्ठ्या पेन्सिलीच्या होत्या. तिन्ही उत्तरे त्यांनी मनातच एकेक करून उचलली आणि त्यांना त्यांची किळस आली. ग्रहणाच्या वेळी कुडकुडणारे यजमान तरी संध्याकाळी कोरडे होऊन घरी गेले होते. उद्या सकाळी त्या नर्सिंग होमच्या टेबलावर जे होणार होते, ते कुणाच्या माथी मारणार? सूर्याच्या?

त्या उठून उभ्या राहिल्या.

"चिठ्ठ्या मी उलट्या टाकल्या. सहादूनं चूक पकडली. मी त्याला चारचौघांत गप्प बसवलं, श्रेय माझ्या नावावर लिहिलं आणि तो रोज माझ्या नजरेसमोर नको म्हणून त्याच्या बदलीचा शेरा दिला." त्यांनी श्वास घेतला. "माझे चुकले, कलाबाई."

शौनकच्या हातातले पेन खाली पडले.

कलाबाईने खुर्ची ओढली आणि पहिल्यांदा बसली. "आता सांगा किडनीचं. आता आयकते."

बाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. "हा गाठीचा. यात सात गुणसूत्रं कमी. हा धनराजच्या रक्ताचा. सेहेचाळीसपैकी सेहेचाळीस जागच्या जागी. गमावली ती गाठीनं, यानं नाही. आणि गाठ आता बरणीत आहे."

"पण मॅडम, सात गेलेत म्हणजे..." रंगनाथ म्हणाला.

"रंगनाथराव, तुमच्या टाचेला कुरूप झालं, तर तुमची मुलं टाचेला कुरूप घेऊन जन्मतात काय?"

धनराज आजारपणानंतर पहिल्यांदाच हसला आणि हसताना टाके धरले.

"घराण्यातून उतरणारा प्रकारही असतो, क्वचित," बाई पुढे म्हणाल्या. "म्हणून मी याचा चेहरा, मान पाहिली, त्या प्रकारात येतं तसलं पुरळ नाही. दुसरी किडनी साफ आहे, छाती साफ आहे, भोयांच्या घरात कुणाला असलं काही नव्हतं. इंजेक्शनांची गरज नाही. दर सहा महिन्यांनी तपासणी. हमी मी देत नाही. हमी देणारा डॉक्टर दिसला, तर त्याच्यापासून लांब राहा. पण असली गाठ वेळेत काढलेले बहुतेक लोक नातवंडं पाहतात."

शौनकने गुपचूप इंजेक्शनांच्या कागदावर आडवी रेघ मारली.

कलाबाईने सुनेकडे पाहिले. "ऊठ. घरी चल. रंगनाथ, त्या दवाखान्यात फोन कर, म्हनावं कुनी येनार नाय." मग ती बाईंकडे वळली. "आन् ते म्हाताऱ्याचं? हे तोंडी झालं. त्याच्या फायलीत अजून 'हस्तक्षेप' लिव्हलेलं हाय."

"चला," बाई म्हणाल्या.

रिक्षा करून दोघी सरकारी रुग्णालयात गेल्या. बाईंनी तिथल्या बाकावर बसून दोन प्रतींत अर्ज लिहिला. आवक-जावक टेबलावरच्या कारकुनाने अर्ज पाहिला, पहिली ओळ वाचली आणि चष्म्यावरून दोघींकडे पाहिले.

"मॅडम, विषय लिहिलेला नाही. विषयाशिवाय घेता येत नाही."

"लिहा," गोदावरीबाई म्हणाल्या, मागच्या रांगेला ऐकू जाईल इतक्या स्वच्छ आवाजात. "विषय: ऑगस्ट १९९१मध्ये माझ्या हातून झालेली चूक, ती पकडणारे कै. सहादू भोये, आणि त्यांच्याविरुद्ध मी लिहिलेला खोटा शेरा मागे घेण्याबाबत."

कारकुनाने लिहिले, खाली बाईंची सही घेतली आणि दोन्ही प्रतींवर शिक्का मारला. बाईंनी शिक्क्याची प्रत कलाबाईच्या हातात दिली. कलाबाईला ती वाचता येत नव्हती. तिने शिक्क्यावर बोट फिरवले, कागदाची चार पदरी घडी केली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली.

"झालं, बाई," ती म्हणाली. "आता तुमचं-आमचं काय राह्यलं नाय."