पोतं बांधलेला पाय

गोपिकाबाईंच्या तेरवीला सकाळपासून माणसं येत होती आणि जो तो एकच गोष्ट सांगत होता. मुलाच्या, रुपरावच्या लग्नाआधी बाईंचा घोटा मोडला, पायाला प्लास्टर. तरी माऊली चुलीपुढून हलली नाही. ओल्या जमिनीनं प्लास्टरचा तळ मऊ पडून झडायला लागला, तेव्हा तिनं त्यावर पोत्याचा तुकडा सुतळीनं बांधला अन् पुरण घाटत राहिली. ऐकणारे माना डोलावत.

त्यांची लेक शामला फोटोजवळ बसून ऐकत होती. पुढचं कोणीच सांगत नव्हतं. हाड जुळेपर्यंत पायावर भार नको, पाय उशीवर उंच ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण लग्नघरातल्या उशा पाहुण्यांना लागत होत्या. हाड वाकडं जुळलं. मग जन्मभर आई तळव्याच्या कडेवर चालली. रामटेकला सगळे गड चढून जात आणि ती पायथ्याशी त्यांच्या चपला राखत बसे. त्याच पायानं ती मोरीत घसरली, खुबा मोडला आणि अंथरुणातून पुन्हा उठली नाही.

सासूचा डबा दवाखान्यात नेताना रुपरावची बायको प्रेमिला पायरीवरून पडली. तिचाही घोटा मोडला. प्लास्टर अजून नवं होतं. स्वयंपाकघराच्या दाराशी खाटेवर, पाय गोधडीच्या घडीवर ठेवून ती पडली होती.

दुपारी इंदुआत्या तिच्यापुढे येऊन उभी राहिली.

"वडे कोण तळन वं? तुह्या सासूनं पोतं बांधून लगन निभावलं, अन् तू महाराणीवानी पाय वर करून बसून राहिली."

प्रेमिलानं पाय खाली घेतला. कोणीतरी खरंच पोतं आणलं.

शामला उठली. तिनं तो पाय दोन्ही हातांनी उचलून परत गोधडीवर ठेवला.

"आत्याबाई, आईचा पाय कशानं वाकडा झाला?"

"नशिबानं."

"पुरणानं झाला. तुम्हीच मागून मागून वाढून घेतलं होतं."

"पाहा, कशी बोलते. तेरवीच्या दिवशी! आम्ही तुह्या मायची तारीफच करून राहिलो ना?"

"तीच थांबवा. तुमच्या तारिफेपायी आता हिचा पाय जाईल."

"मंग वडे?"

रुपराव दारात उभा राहून सगळं ऐकत होता. शामला त्याच्याकडे वळली.

"दादा, तुझे दोन्ही पाय बरे आहेत ना?"

मांडवात कोणीतरी खाकरलं. खांद्यावरचा दुपट्टा रुपरावनं खुंटीला अडकवला आणि चुलीपुढे बसला. पहिला घाणा काळाठिक्कर निघाला. आत्या, आपण जेवणार नाही असं सांगून, ओसरीवर जाऊन बसली.

"आच कमी करा जी," प्रेमिला खाटेवरून हळूच म्हणाली. "लाकडं ओढा बाहेर."

धूर खोलीभर पसरला होता. शामला डोळे पुसत खाटेपाशीच बसून राहिली. मदतीला उठली नाही.