एका गिअरची जीप

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. रंग विचाराल तर निळा. जिथे गंज नाही तिथे तो अजून दिसतो. वडवणीजवळच्या एका दूध संस्थेने मला घेतले तेव्हा चेअरमन मोहनरावांनी माझ्या बॉनेटवर नारळ फोडला. त्याचा पोचा मी आजही सन्मानाने बाळगते.

पहाटे गावोगावचे दुधाचे कॅन गोळा करायचे आणि उरलेल्या वेळात संचालकांच्या घरची लग्ने उरकायची, हे माझे काम. ड्रायव्हर शहादेव स्वतःची दाढी राहू द्यायचा, पण माझी काच पुसायचा.

मग दोन पावसाळे कोरडे गेले. म्हशी आटल्या, कॅन पालथे पडले. संस्थेने माझ्यामागे ट्रॉली जोडली, तिच्यात चार पिंपे ठेवली आणि मला डोंगरापलीकडच्या वस्तीला पाणी पोचवायला लावले. पिंपांना झाकणे होती. ती संचालकांच्या घरी धान्याच्या कणग्यांवर फार नीट बसली, म्हणून आम्ही पिंपांवर पोती बांधायचो. शहादेव मला खड्ड्याखुड्ड्यांतून सुसाट पळवी. वस्तीवर पोचेपर्यंत पिंपे निम्मी होत. तिथल्या बायनाबाई कारण विचारत. "उन्हानं आटतंय, मावशी," असे शहादेव सांगे. त्यात लबाडी नव्हती. मागे वळून बघायची त्याला सवयच नव्हती.

एके दिवशी चढावर माझ्या पोटात कडाड झाले. सिरसाळ्याहून सटवा मिस्त्री आला, खाली शिरला आणि हात पुसत म्हणाला, "पहिला गिअर तेवढा ऱ्हायलाय. बाकी समदे गेले, रिव्हर्ससुदीक. पेटी खोलून दोन दातेरी चाकं बदलली, की पळंल पयल्यासारखी."

मोहनरावांनी शेवटचे वाक्य ऐकले नाही. त्यांच्या मेव्हण्याने मात्र ऐकले. तो माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून "भंगारच हाय" असे इतक्या मायेने म्हणाला की माझ्या अंगावर काटा आला. भंगार मी त्याच्या दारात पोचेपर्यंतच असणार होते.

मला विकायला सभा लागणार होती. आमच्या संस्थेची सभा फाल्गुनात भरते, कारण तेव्हा निम्मे सभासद ऊसतोडीला गेलेले असतात. गणपूर्ती होत नाही. मग सभा अर्धा तास तहकूब करायची, चहा घ्यायचा आणि पुन्हा भरवायची. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. संस्थेचे सगळे मोठे निर्णय या चहानंतरच झालेले आहेत.

सभेच्या आदल्या दिवशी मी पाण्याची खेप केली. पहिल्या गिअरमध्ये. बैलगाडी मला ओलांडून गेली. कुत्री पाठलागाला आली आणि कंटाळून परतली. वस्तीवर बायनाबाईंनी पोते उचलून पिंपात हात घातला, तर बोटे आत जाण्याआधीच पाणी लागले. काठोकाठ. त्यांनी शहादेवकडे बघितले.

"कावून रं शहादेवा? आज ऊन पडलं न्हाई व्हय?"

शहादेवने पुढच्या पिंपाचे पोते सोडायला घेतले. मग हळूच त्याने सांगितले की उद्याच्या सभेत मला विकणार आहेत.

त्या वर्षी उसाअभावी कारखाने लवकर बंद पडले होते आणि वस्ती माणसांनी भरलेली होती. म्हशी बायकांच्या नावावर, त्यामुळे सभासदही त्याच. तालुक्याला राहणाऱ्या मोहनरावांना याचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी सभा तहकूब झाली, चहा आला, मेव्हणा पुढच्या खुर्चीत बसला. तेवढ्यात मी पहिल्या गिअरमध्ये आवारात शिरले. वस्तीवरून माझ्याबरोबर निघालेल्या बायका चहा चालू असतानाच, माझ्या आधी पोचल्या होत्या. माझ्या चालीने चालणे त्यांना जमेना. सचिवाने डोकी दोनदा मोजली. गणपूर्ती झाली होती. आता काय करायचे, हे कुणालाच माहीत नव्हते.

एका गिअरची जीप काय कामाची, असे मोहनरावांनी समजावून सांगितले. बायनाबाई उठल्या.

"चेअरमनसाहेब, चार गिअर व्हते तवा आमाला आर्धं पिंप आलं. एकाच गिअरनं भरून आलं. जीप इकल्यावर आमी काय प्यावं, तुमचा ठराव? पेटी दुरुस्त करा. पाणी आणताना पहिल्यात आणा, रिकामं जाताना कसंबी पळा. दिवसाला एकीच्या दोन खेपा व्हतील."

हात वर झाले. मोहनरावांनी हात मोजले आणि मग स्वतःचाही वर केला. मेव्हण्याने चहा तसाच ठेवला.

मी सुस्कारा सोडला. शहादेव म्हणाला, रेडिएटर गळतोय. म्हणू दे.

मित्रांनो, आता माझे सगळे गिअर पडतात. पाणी भरले की शहादेव मला पहिल्यातच ठेवतो आणि अधूनमधून मागे वळून बघतो. तुमच्याकडचे काही मोडले, तर विकायला काढण्याआधी त्यातले काय चालते आहे ते एकदा बघा. आणि भंगार म्हणणारा ते न्यायला का टपला आहे, तेही बघा.

पिंपांची झाकणे परत आणण्याचा ठरावही त्याच सभेत एकमताने मंजूर झाला. आम्ही अजून पोतीच बांधतो.