हिरव्या गाठीची हजेरी

"कृपया पुन्हा प्रयत्न करा," हजेरीच्या यंत्रातली बाई म्हणाली.

तिने अंगठा ॲप्रनला पुसला आणि परत काचेवर टेकवला.

"एवढा जोरात नको दाबू ताई, फुटेल," मागून रेडिओ म्हणाली. रेडिओ शेजारच्या टेबलावर इस्त्री करायची. सकाळी एकदा सुरू झाली की जेवणाच्या सुट्टीतही बंद व्हायची नाही, म्हणून तिचं हे नाव.

"दाबत नाहीये गं. समजूत घालतेय."

"कृपया पुन्हा प्रयत्न करा."

इतक्या अदबीने तिला आजवर कुणी नाकारलं नव्हतं. मागे रांग चुळबुळायला लागली. टाइमकीपरने खिडकीतून मान बाहेर काढली.

"ताई, बाजूला व्हा जरा. बाकीच्यांचं होऊ द्या."

"नेहमीसारखं रजिस्टरात लिहा ना भाऊ."

"रजिस्टर गेलं. हाताने लिहिलेली हजेरी हेड ऑफिस आता धरत नाही. पण अंगठा दिवसभरात कधीही लागला तरी चालतो. येत राहा. सहाला मात्र यंत्र दिवस बंद करतं, मग मी काय, माझा बापही काही करू शकत नाही."

काल अंगठा तिसऱ्या खेपेला लागला होता. परवा पाचव्या. आज सात झाल्या.

एकोणीस वर्षं ती या लाँड्रीत दवाखान्यांच्या चादरींवरच्या सुरकुत्या मोडत होती. त्यांच्याबरोबर आपल्या बोटांवरच्या रेषाही मोडत गेल्या, हे तिला यंत्र आल्यावर कळलं.

एरवी एक दिवस बुडाला असता तर ती यंत्राला दोन शब्द सुनावून कामाला लागली असती. पण आज सहामाहीचा शेवटचा दिवस होता. सहा महिन्यांत शंभर हजेऱ्या भरल्या तरच विम्याचं कार्ड पुढचे सहा महिने चालायचं, आणि तिच्या भरल्या होत्या नव्याण्णव. त्या कार्डावर नवऱ्याचं डायलिसिस होत होतं, आठवड्यातून दोनदा. कार्ड नसेल तर एका वेळचा खर्च तिच्या आठ दिवसांच्या पगाराएवढा. गेल्या वर्षी तो सहा दिवसांचा होता. तिचा पगार तिथेच उभा होता आणि दवाखाना पुढे चालला होता.

हजेऱ्या कमी का पडल्या, तर दर वेळी त्याला डायलिसिसला नेण्यासाठी तिने रजा घेतली म्हणून. कार्ड वापरायचं तर रजा, आणि रजा घेतली तर कार्ड बंद. हा नियम ज्याने केला त्याच्या घरी कुणी आजारी पडत नसावं, किंवा सगळ्यांनाच सवड असावी.

म्हणून आज पहिल्यांदाच नवरा एकटा गेला होता.

पावणेदहाला ॲप्रनच्या खिशात फोन थरथरला. तिने इस्त्री उभी केली.

"पोचलात? सुई लागली?"

"लागली. नर्स विचारत होती, तुमचं पार्सल आज एकटंच कसं आलं?"

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, पाठवणारीला सुट्टी नाही." तो खाकरला. "ऐक, आज माझ्या बेडवर लाल गाठ आहे. चादर नुसती चुरगळलेली."

"रेडिओची आहे ती," ती म्हणाली, आणि शेजारून रेडिओ ओरडली, "भाऊजींना म्हणावं झोपायला गेलात की परीक्षा घ्यायला?"

प्रत्येक इस्त्रीवालीने आपल्या चादरीच्या कोपऱ्याला आपल्या रंगाच्या दोऱ्याची गाठ मारायची, अशी इथली पद्धत होती. डाग राहिला तर कुणाला बोलायचं ते कळावं म्हणून. तिची गाठ हिरवी. तो जायचा त्या दवाखान्याचे कपडेही हीच लाँड्री धुवायची, त्यामुळे तो बेडवर पडला की आधी कोपरा उलटून बघायचा. हिरवी निघाली की म्हणायचा, "आज घरचं अंथरूण." ती शेजारच्या स्टुलावर बसलेली असायची आणि म्हणायची, "मग घोरू नका."

आज स्टूल रिकामं होतं.

दहाला ती यंत्राकडे गेली. अकराला हात गार पाण्यात बुडवून गेली. बाराला रेडिओने स्वतःचं क्रीम तिच्या अंगठ्याला चोळून दिलं. "हे लावून माझी नणंद लग्नात ओळखू आली नव्हती," ती म्हणाली.

"मला ओळखू यायचंय गं."

"कृपया पुन्हा प्रयत्न करा."

कामात हात चालत होते, पण चित्त कुठेच लागत नव्हतं. चादर पसरायची, वाफ सोडायची, ओढायची, घडी, गाठ. घड्याळ बघायचं. फोन बघायचा. एक वाजता त्याची सुई निघायची, दीडपर्यंत फोन यायला हवा होता. पावणेदोन झाले. दोन झाले. तिने लावला तर नुसता वाजत राहिला. एक चादर तिने उलट्या बाजूने इस्त्री केली आणि उलगडून परत केली. एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं.

अडीचला त्याने उचलला.

"कुठे आहात?"

"घरी. आत्ताच आलो."

फोनमधून ब्रेकचा लांबलचक आवाज आला आणि कुणीतरी "पुढे सरका" म्हणून खेकसलं.

"घरात बस शिरली वाटतं," ती म्हणाली.

तो ओशाळून हसला. मग म्हणाला, "स्टॉपवर बसलोय. जरा डोळ्यांपुढे अंधारी आली. दोन बसेस सोडल्या. तिसरीत चढतो."

"तिथेच थांबा, मी येते." तिने ॲप्रनची गाठ सोडलीसुद्धा.

"अंगठा लागला?"

ती ॲप्रनची नाडी बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"नाही ना? मग काय येतेस डोंबल. आज तू आलीस, तर पुढच्या खेपेला मी जाऊ कुठे?"

ती सुटलेल्या ॲप्रननिशी उभी राहिली. रेडिओ पहिल्यांदाच बंद पडली होती.

"शेजारी कुणी आहे का तुमच्या?" शेवटी तिने विचारलं.

"एक म्हातारी आहे. मघापासून मला तिच्या गुडघ्यांची गोष्ट सांगतेय. मरू नाही द्यायची ती मला, गोष्ट अर्धीच झालीय."

तिने ॲप्रन परत बांधला. घट्ट.

साडेतीनला त्याचा घरून फोन आला. या वेळी मागे त्यांच्या नळाची टपटप ऐकू येत होती, म्हणून तिने विश्वास ठेवला.

साडेपाचला टाइमकीपरने तिला येताना पाहिलं आणि स्वतःच नाराजीने मान हलवली. "ताई, मलाही वाईट वाटतं हो. दुसरं बोट नोंदवता येतं, पण त्याला मॅनेजर साहेबांचा पासवर्ड लागतो. आणि साहेब म्हणाले, उद्या बघू."

"उद्या बघून काय करू? उद्या नवीन सहामाही."

"ते मी सांगितलं. ते म्हणाले, यंत्रात नाही म्हणजे कामावर नाही."

ती परत फिरली. तिला वाटलं होतं आपण रडू, पण तिला राग आला होता, आणि रागाने पाय भराभर चालत होते. टेबलाखालचे दोन गठ्ठे तिने उचलले, दोन रेडिओच्या हातात दिले. "चल."

मॅनेजर फोनवर बोलत होता. तिने दोन्ही गठ्ठे त्याच्या टेबलावर ठेवले. त्याच्या पेनांचा डबा त्यांच्यामागे दिसेनासा झाला. रेडिओने आपले वर रचले, मग मॅनेजरही दिसेनासा झाला.

"हे काय आहे?" चादरींमागून आवाज आला.

"आजच्या चादरी, साहेब. कोपरा बघा."

त्याने फोन बाजूला ठेवून वरचा गठ्ठा खाली काढला. "हिरवी गाठ. बरं, मग?"

"डाग राहिला असता तर कुणाला बोलावलं असतंत?"

"तुम्हाला."

"आज?"

"आजच. म्हणजे..."

"म्हणजे बोलणी खायला मी हजर आहे," ती म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. "तेवढंच यंत्राला सांगा."

मॅनेजरने तिच्याकडे पाहिलं, मग त्या ढिगाकडे. त्याला फोनही पुरा करायचा होता आणि टेबलही परत हवं होतं. तो उठला. बाहेर येऊन त्याने यंत्रावर आकडे दाबले.

"कुठलं बोट?"

उजव्या हाताच्या बोटांवर रेषा उरल्याच नव्हत्या. डाव्याने ती कापड ताणून धरायची, वाफ त्यावरूनच जायची. तिने एकेक बोट टेकवून पाहिलं. यंत्र पुन्हा पुन्हा अदबीने नाही म्हणालं. राहिली डाव्या हाताची करंगळी. ती आयुष्यभर कडेला राहिली होती, कुठल्या कामात फारशी पडलीच नव्हती.

"धन्यवाद," यंत्रातली बाई म्हणाली.

घड्याळात सहाला चार मिनिटं कमी होती. रेडिओने टाळी वाजवली. टाइमकीपरने खिडकीत तोंड लपवून नाक पुसलं.

घरी पोचली तेव्हा तो बूट घालूनच पलंगावर आडवा होता. शर्टाची बाही कोपराशी फाटली होती.

"पडलात?"

"बसलो. जरा जोरात बसलो." त्याने विचारलं, "शंभर?"

"शंभर."

तो हसला आणि डोळे मिटले. तिने खाली बसून त्याचे बूट सोडवले. कोपर ओल्या कापडाने पुसलं. पुसत असतानाच तो डोळे न उघडता म्हणाला, "उद्यापासून परत एक ना? मग मी एकटाच जात जाईन. सवय होईल. ती म्हातारी दर खेपेला असते म्हणे स्टॉपवर."

तिला पुष्कळ बोलायचं होतं. अंधारीबद्दल, दोन सोडलेल्या बसेसबद्दल. पण दोघांनाही हिशेब पाठ होता, त्यात बोलण्याला जागा नव्हती. "खिशात लिमलेटच्या गोळ्या ठेवत जा," ती एवढंच म्हणाली.

सकाळी यंत्राने पहिल्याच खेपेला धन्यवाद दिले. टेबलांवर गठ्ठे वाटले जात होते. डायलिसिस वॉर्डाच्या बारा चादरी, निळ्या काठाच्या, रेडिओकडे आल्या होत्या.

"त्या मला दे," ती म्हणाली.

"सगळ्या? भाऊजींना एकच लागते की."

"कुठला बेड मिळेल काय सांगावं."

रेडिओने बाराही चादरी तिच्या टेबलावर सरकवल्या, आणि तिच्या वाटणीचे ऑपरेशनचे जाड गाऊन स्वतःकडे ओढून घेतले.

तिने पहिली चादर पसरली. वाफ सोडली. डाव्या हाताने कापड ताणलं आणि करंगळी तेवढी वर उचलून धरली, वाफेपासून दूर.