गोठ्यामागचा नळ

गोठ्याचं दार ढकलून उघडेना, तेव्हा लेकीने त्याला खांदा लावला. कडाड आवाज झाला, चौकटीवरचा बर्फ थेट तिच्या मानेत गेला आणि तिच्या तोंडून एक सणसणीत शिवी निघाली. आत तिची एक बादली राहिली होती, तेवढी घेतली की निघायचं. अंगणात टेम्पो भरून उभा होता. खाट, भांडी, शिवणयंत्र आणि सगळ्यांच्या वर उलट्या बांधलेल्या दोन लाकडी खुर्च्या.

बाबा उन्हाळ्यात गेले. गाई शेजाऱ्यांकडे गेल्या. आता आईला शहरात आपल्याकडे न्यायचं, असं लेकीने ठरवलं आणि आई "बरं" म्हणाली. त्या बरंमध्ये हो किती आणि नाही किती, हे बघायच्या भानगडीत लेक पडली नव्हती. हिवाळ्याशी तिचं लहानपणापासूनच वाकडं. भेगाळलेल्या टाचा, बधिर बोटं, पहाटेचं शेण. आईला यातून सोडवतोय, याचं तिला मनातून समाधानच होतं.

बादली घेऊन तिने मागचं दार उघडलं आणि ती जागच्या जागी उभी राहिली.

गोठ्यामागे नळ होता. कडक थंडीत तो रात्रभर ठिबकता ठेवायचा, म्हणजे पाइपातलं पाणी गोठत नाही, हा घरचा नेम. कालही आईने बजावलं होतं, "तेवढा नळ बंद करू नकोस हं." गाई नाहीत, माणसंही निघाली, मग पाणी कुणासाठी सांडायचं? लेकीने तो करकचून आवळला होता. रात्री नळाखालचा जोड फुटला, आणि बारीक फवारा शेजारच्या सफरचंदाच्या झाडावर उडत राहिला.

झाड काचेचं झालं होतं. प्रत्येक काडीला बर्फाचं कवच, प्रत्येक कवचात एक मिटलेला कोंब, जसाच्या तसा. कुंपणाची तार जाड झाली होती, विसरलेला खराटासुद्धा राजाचा वाटत होता. तेवढ्यात टेकडीवरून ऊन आलं. आधी शेंडा पेटला, मग फांदीफांदीतून ते खाली उतरलं. केशरी, गुलाबी, मग नुसता लखलखाट. बर्फ आतल्या आत बारीक तडतडत होता.

"अगं बाई!" लेक एवढंच म्हणू शकली. तिचे डोळे भरून आले होते, आणि हे थंडीने नव्हे हे तिला कळत होतं. इतकी वर्षं या घरात राहून हे आपण पाहिलंच नाही?

मग तिचं लक्ष फुटक्या जोडाकडे गेलं.

आई शाल गुंडाळत मागे येऊन उभी राहिली.

"आई, चुकलं माझं. नळ मी बंद केला. थांब, पाण्याची मुख्य चावी बंद करते."

"थांब जरा. ऊन पुरतं चढू दे."

आईचा आवाज चिरकला होता. तिने तोंडावर हात धरला होता.

"लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत मीही हाच शहाणपणा केला होता," ती म्हणाली. "वाटलं, आता माझी धडगत नाही. तुझ्या बाबांनी झाडाकडे पाहिलं. आत गेले आणि दोन खुर्च्या घेऊन आले."

"आणि नंतर?"

"नंतर काय! दर हिवाळ्यात एकदा तो नळ चुकून बंद व्हायचा. कुणी केला, हे आम्ही एकमेकांना कधी विचारलं नाही. तो जोड बघ."

लेकीने वाकून पाहिलं. तिथे लोखंडी पाइप नव्हताच. रबरी नळीचा तुकडा तारेने आवळला होता, कापून लगेच दुसरा बसवता येईल असा.

"मला कधी उठवलं नाहीस ते?"

"तुला? थंडीत तुला अंथरुणातून काढायला बैलजोडी लागली असती." आई हसली, आणि हसता हसता रडली. "यंदा राहिलंच, असं धरून चालले होते गं. माझा एकटीचा हात नाही झाला नळ आवळायला."

लेक अंगणात गेली. टेम्पोवाला हातावर हात चोळत होता.

"निघायचं ना, ताई?"

लेक चाकावर पाय देऊन वर चढली आणि दोरीच्या गाठीशी झटू लागली.

"अहो, आत्ताच तर बांधल्यात! परत कधी बांधायच्या?"

"हिवाळा संपल्यावर बघू," लेक म्हणाली. गाठ सुटेना, तेव्हा तिने तिला दात लावले.

खुर्च्या तिने झाडासमोर मांडल्या. आई एकीवर बसली. दुसरी तिने शालीच्या टोकाने पुसली.

"बस. ही त्यांची. जरा डुगडुगते, पण होते सवय."