आर्डिसने पूल खोडला

आर्डिस केट्टुनेन माझ्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा आली ती भांडायलाच. व्हिडिओ गेमच्या या जुन्या यंत्रांसाठी आता कोणी नवा खेळ लिहिणं शक्य नाही, असं मी गावभर सांगत होतो आणि ते तिच्या कानावर गेलं होतं.

"रेइनो, तू पिक्चर ट्यूब दुरुस्त करतोस ना? मग तेवढंच कर," ती दारातूनच म्हणाली. "ज्योतिष सांगू नकोस."

तेव्हा ती त्रेसष्ट वर्षांची होती. आमच्या सरोवरकाठच्या डुलूथ गावात, बंदरातल्या कचेरीत तिने सदतीस वर्षं नकाशे काढले होते, शाईने आणि पट्टीने. निवृत्त झाल्यावर तिला करमेना. माझं गेम पार्लर बंद पडलं तेव्हा चार यंत्रं मी घरी आणून ठेवली होती. त्यातल्या एकावर तिचा डोळा होता.

ही यंत्रं टीव्हीसारखी नाहीत. टीव्हीवर ठिपके ठिपके भरून चित्र होतं. इथे काळ्या काचेमागून इलेक्ट्रॉनांचा एक झोत निघतो आणि सांगाल त्या टोकापासून सांगाल त्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढतो. रेघ क्षणात विझते, म्हणून सगळं चित्र सेकंदाला चाळीस वेळा पुन्हा काढावं लागतं. रेघा फार झाल्या की झोताला फेरी वेळेत पुरी करता येत नाही आणि चित्र लुकलुकायला लागतं. पण जी उमटते ती रेघ अशी लखलखते की नव्या पडद्यांनी मान खाली घालावी.

मी हे समजावून सांगत होतो तर ती मधेच म्हणाली, "म्हणजे माझंच काम. फक्त पेन जरा चपळ आहे."

यंत्राची भाषा शिकण्यात तिचे दोन हिवाळे गेले. तिने निवडलेला खेळही आमच्याच गावचा. सरोवरातून एक लांबलचक खनिजवाहू बोट येते, ईशान्येचा वारा तिला ढकलतो, आणि खेळणाऱ्याने गोल मूठ फिरवत तिला दोन धक्क्यांमधल्या अरुंद कालव्यातून, वर उचलल्या जाणाऱ्या पुलाखालून बंदरात आणायचं. गोळीबार नाही, राक्षस नाहीत.

पुलात तिने जीव ओतला. प्रत्येक तुळई, प्रत्येक तिरपा आधार. एकट्या पुलाच्या दोनशे बारा रेघा झाल्या आणि चित्र वाऱ्यातल्या दिव्यासारखं फडफडायला लागलं. मी म्हणालो, "बघ, सांगत होतो." तिने लक्ष दिलं नाही. झोत एका रेघेकडून दुसरीकडे जाताना मोकळा पळतो, तो वेळ वाया जातो हे तिने हेरलं होतं. पोस्टमन जसा एकही गल्ली दोनदा न चालता पत्रं वाटतो, तसा तिने सगळ्या रेघांचा क्रम लावला. आठ आठवडे कागदावर नुसत्या वाटा आखत होती. फेब्रुवारीत तिने खेळ भरलेली नवी चिप बसवली, यंत्र सुरू केलं, आणि पूल उभा राहिला. जरासुद्धा हलला नाही. चाळीस वर्षं मी या काचा बघतोय. माझ्या हातातली सोल्डरिंग गन आपोआप खाली गेली.

"बोल की काहीतरी," ती म्हणाली.

"कॉफी ठेवतो," मी म्हणालो.

मे महिन्यात सेंट पॉलला जुन्या यंत्रांच्या मालकांचा मेळावा भरतो, तिथे हा खेळ न्यायचं ठरलं. फक्त बोटीची चाल बरोबर आहे का, हे तिला कोणा जाणत्याकडून तपासून घ्यायचं होतं. म्हणून एका गुरुवारी दुपारी ती शेजारच्या कॅप्टन सिगुर्ड मोएन यांना घेऊन आली. वय शहाऐंशी, एक्केचाळीस वर्षं सरोवरावर. पण सहा वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली होती. पेपर वाचता येत नव्हता, टीव्ही म्हणजे नुसता करडा गोळा, माणसं ते आवाजावरून ओळखायचे. बोट काय करतेय ते आर्डिस तोंडाने सांगणार आणि ते चूक-बरोबर सांगणार, असा बेत होता.

कॅप्टन यंत्रासमोर उभे राहिले. मान जरा वाकडी केली, कडेच्या नजरेने बघतात तशी.

"पोरी, हा उत्तरेचा धक्का ना?"

आर्डिसने माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला दिसतोय?"

"दिसतोय म्हणजे काय! टोकाला दिवा आहे. आणि हा दक्षिणेचा." त्यांनी हाताचं बोट काचेपाशी नेलं. आवाज खणखणीत होता. "पण पूल कुठे ठेवलास?"

"समोर आहे, कॅप्टन. बरोबर मधे."

"समोर? समोर कोणीतरी राख ओतलीय."

मला हसू आलं, पण तिचा चेहरा बघून मी ते गिळलं. धक्क्यांच्या रेघा मोजक्या, म्हणून तिने त्या दोनदा ओढल्या होत्या. एकाच रेघेवरून झोत दोनदा गेला की ती दुप्पट उजळते. पुलाच्या दोनशे बारा रेघा मात्र एकेकदाच ओढलेल्या, बारीक, एकमेकींत गुंतलेल्या. तुम्हाआम्हाला ते कोरीव काम. त्यांच्या डोळ्यांना राख.

शिवाय जाता जाता कॅप्टननी बोटीवरही ताशेरे ओढले. "आणि ही बोट नाही, बदक आहे. वळ म्हटलं की वळतं!"

त्यानंतर नऊ दिवस आर्डिस आली नाही. दहाव्या दिवशी आली तेव्हा मी तोडगा काढून ठेवला होता. "दोन चिपा कर. एक मेळाव्याला, भरगच्च पुलाची. एक कॅप्टनसाठी."

"कालव्यावर पूल किती आहेत, रेइनो?"

"एकच."

"मग?" असं म्हणून तिने पिशवीतून पुलाचा कागद काढला, टेबलावर पसरला आणि माझ्याकडे खोडरबर मागितलं.

मार्चभर दर गुरुवारी हेच चाललं. ती काही रेघा काढून टाकायची, उरलेल्या दोनदा ओढायची, नवी चिप लावायची आणि विचारायची, "आता?" कॅप्टन सांगायचे, "राख." पुढच्या आठवड्यात, "कमी राख." तिचा जीव तुटत होता. पुलावरच्या जिन्याचे कठडे पुसताना ती म्हणाली, "हे मी स्वतः जाऊन मोजले होते रे." तरी पुसलेच.

शेवटी तीच चिडून म्हणाली, "कॅप्टन, तुम्ही एक्केचाळीस वर्षं त्या पुलाखालून गेलात. तुम्ही तो ओळखायचात तरी कशावरून?"

कॅप्टन म्हणाले, "आम्ही पूल कुठे बघायचो गं? पुलाखालची मोकळी जागा बघायचो. ती चौकट मिळाली की झालं."

आर्डिस तडक उठली. कोटही न घालता कागद उचलून घरी गेली. बाहेर बर्फ पडत होता. मला कोट घेऊन तिच्यामागे धावावं लागलं.

पुढच्या पुलात सव्वीस रेघा होत्या. दोन मनोरे, वरची तुळई आणि खाली रस्त्याची जाड पट्टी, जी बोट जवळ आली की वर उचलली जायची. बाकी सगळा काळोख. बोटीची चालही तिने मुळापासून बदलली होती. आता मूठ फिरवल्यावर बोट आधी काहीच करत नसे, मग हळूच नाक वळवे, आणि एकदा वळली की थांबता थांबत नसे.

कॅप्टननी मूठ धरली. पहिल्यांदा बोट उत्तरेच्या धक्क्यावर गेली. त्यांनी नॉर्वेजियनमध्ये काहीतरी हासडलं, जे मला न शिकवताही कळलं. दुसऱ्यांदा दक्षिणेच्या.

"वारा जास्त झालाय का?" आर्डिसने विचारलं.

"वाऱ्याला हात लावशील तर खबरदार!"

पाचव्या वेळी त्यांनी मूठ नीट धरली. पाय जरा फाकवून उभे राहिले. बोट कालव्यापासून कितीतरी लांब असतानाच त्यांनी मूठ डावीकडे दिली, आणि लगेच, काही घडायच्या आत, उलटी परत घेतली. मला ती चूक वाटली. बोट वाऱ्यात तिरपी सरकत आली, धक्क्याच्या तोंडाशी आपोआप सरळ झाली, आणि तेवढ्यात समोरची पट्टी वर उचलली गेली. बोट त्या चौकटीतून अशी आत गेली की कुठे हवासुद्धा घासली नाही.

मेळाव्यात ब्रँडव्होल्ड नावाच्या एका जाणकाराने तिला विचारलं, की बाई, तुमच्या यंत्रात दोनशे रेघांची ताकद आहे असं ऐकलं होतं, मग पूल इतका रिकामा का? तिने त्याला खेळायला उभं केलं. तो तासभर हलला नाही. मागे रांग लागली होती, लोक ओरडत होते. आता ती चिप एकोणीस यंत्रांत आहे.

पण मला आठवते ती एप्रिलमधली दुपार. बोट आत गेल्यावर कॅप्टन काचेकडे मान वाकडी करून बघतच राहिले. मग मूठ न सोडता म्हणाले, "चांगलं काम केलंस, पोरी." आणि माझ्याकडे वळून, "ए रेइनो, खुर्ची आण. आज मला घाई नाही."