मोठ्या सिस्टरांची डिग्निटी

हाडांच्या वॉर्डात नर्स पुष्कळ होत्या, पण ‘मोठ्या सिस्टर’ म्हटलं की एकच. सगळा वॉर्ड त्यांच्या तालावर चालायचा. त्या दिवशी विश्वस्त मंडळी वॉर्ड बघायला आली आणि नेमकी त्याच वेळी एका आजोबांना उलटी झाली. साफसफाईच्या मावशी खालच्या मजल्यावर गेलेल्या. सिस्टरांनी इस्त्रीच्या गणवेशाची पर्वा केली नाही. फडकं घेतलं आणि उकिडवं बसून फरशी पुसायला लागल्या. तेवढ्यात पाहुण्यांना घेऊन मुख्य डॉक्टर मागे येऊन उभे राहिले आणि सिस्टरांकडे हात करून म्हणाले, “सिस्टर नेव्हर स्टँड्स ऑन हर डिग्निटी!”

पाहुणे माना डोलावून हसले.

औषधांचं आणि रिपोर्टांचं इंग्रजी सिस्टरांना तोंडपाठ होतं, पण हे वाक्य कुठल्याच गोळीच्या पाकिटावर नव्हतं. ‘नेव्हर’ कळलं, ‘डिग्निटी’ कळलं, आणि हातात ओलं फडकं. अर्थ लावायला आणखी काय हवं? या बाईला मान म्हणून काही नाहीच! तेही चार लोकांत, पाठीमागून.

शब्द जिव्हारी लागला. दुसऱ्या दिवसापासून सिस्टरांचा नूरच पालटला. बेडपॅन? “मावशींना सांगा.” उशी घसरली? “त्या नर्सला हाक मारा.” मांडीचं हाड मोडून पडलेल्या शिंपीणबाई म्हणाल्या, “सिस्टर, जरा वेणी घालता का हो?”

“वेण्या घालायला नाही मी इथं.”

शिंपीणबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. सिस्टर दोन पावलं जाऊन थबकल्या, पण शब्द मागे घेणार कसा? ताठ मानेनं वावरून मान मात्र दुखायला लागली. शेवटी त्या डॉक्टरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. “माझी दुसऱ्या विभागात बदली करा.”

डॉक्टर चाटच पडले. “अहो, पण झालं काय?”

“इथं माझा मान राहत नाही.”

“उद्या सकाळी बोलू,” डॉक्टर कसेबसे म्हणाले.

संध्याकाळी घरी सून वाळलेले कपडे घडी करत बसली होती. ती शिकवणीत इंग्रजी शिकवायची. सिस्टर शेजारी टेकल्या आणि सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, “स्टँड ऑन डिग्निटी म्हणजे गं काय? आमच्यातल्या एकीला कुणीतरी म्हणालं.”

“म्हणजे मोठेपणा घेऊन बसणं. मी कोण, हे काम माझ्या पायरीचं नाही, आधी मला मान द्या मग बोला, असलं.”

“आणि आधी नेव्हर लावलं तर?”

“तर तसं कधीच न करणारी. कौतुक आहे ते, आई.”

“कौतुक? आणि मला वाटलं, माझ्याकडे डिग्निटीच नाही!”

“तुम्हाला वाटलं? त्या एकीला ना?”

सिस्टरांनी टॉवेल तोंडाला लावला. आतून हसू आलं, मागोमाग डोळ्यांत पाणी. जीव असा भांड्यात पडला की त्या तिथंच कपड्यांच्या ढिगावर कलंडल्या. मग एकदम उठून बसल्या. “अगं, पण परवापासून मी तेच करतेय की! मोठेपणा घेऊन बसलेय!”

“मग उद्या उतरा खाली,” सून म्हणाली.

सकाळी सिस्टर आधी शिंपीणबाईंच्या खाटेशी गेल्या. “हलू नका. वेणी घालते.”

“आज वेळ मिळाला वाटतं?”

“वेळ कालही होता. मीच जागेवर नव्हते. चुकलं माझं.”

शिंपीणबाईंनी डोकं पुढे केलं.

डॉक्टर खोलीत वाटच बघत होते. “सिस्टर, बसा. रात्री मी बायकोला विचारलं, माझ्या बोलण्यात काही चुकतं का. ती म्हणाली, कुठून सुरुवात करू?”

सिस्टरांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. “अहो, मी त्यांना सांगत होतो, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून हा वॉर्ड उभा आहे!”

“हे असं सांगायचं होतं ना सरळ! यापुढे माझं कौतुक तोंडावर करायचं. आणि मला कळेल अशा भाषेत.”

“कबूल. आणि ते बदलीचं?”

“कसली बदली?” सिस्टर उठल्या. “चला, राउंडला उशीर होतोय.”