तिघांना तीन नावं

हालवर स्टेनरूडच्या घरात मागच्या खोलीत अक्रोडाच्या लाकडाचं एक कपाट होतं आणि त्यात सात रायफली उभ्या असायच्या. मोंटानातल्या आमच्या खोऱ्यात घरात बंदूक असणं यात काही विशेष नाही. कुदळ-फावड्यासारखी ती कोपऱ्यात असतेच. पण हालवरसारखा संग्रह दुसऱ्या कोणाकडे नव्हता. वडिलांची विंचेस्टर, महायुद्धातून आलेली स्प्रिंगफील्ड, निळसर नळीची स्वीडिश माउझर, लहानपणीची एकनळी 'बावीस' (पॉइंट बावीसची छोटी रायफल), अशा एकेकीची गोष्ट तो पाहुण्याला ऐकवायचा. ऐकणारा कंटाळला तरी थांबायचा नाही.

त्यातली त्याची आवडती कुठली, हे मात्र कोणी कधी विचारलं नव्हतं. त्या वर्षी ऑक्टोबरात पहिल्यांदा विचारलं ते लोवेल गँट्झने.

लोवेल शेजारचाच. तरुणपणापासून दोघं एल्क हरणांच्या शिकारीला बरोबर जात आलेले. त्या दिवशी ते सामाईक कुंपणाची तार ताणत होते. तार पक्कडीत धरून, मान वर न करता लोवेल म्हणाला, "हालवर, तुझ्या त्या सातांत तुझी लाडकी कुठली रे?"

"का? घ्यायचीय का तुला?"

"छे. असंच आपलं."

लोवेल गँट्झ जन्मात काही 'असंच आपलं' बोललेला नव्हता. गरज असेल तेवढंच बोलणारा माणूस. हालवरने त्याच्याकडे बघितलं, पण लोवेलचं सगळं लक्ष तारेवर. "सांगतो कधीतरी," म्हणून हालवरने विषय तोडला.

रविवारी चर्चहून परतताना व्हर्ना आली. व्हर्ना त्याच्या गेलेल्या बायकोची, इंगाची, धाकटी बहीण. इंगा गेल्यापासून दर रविवारी ती खिमा-बटाट्याचं भांडं घेऊन यायची आणि तो ते खाईपर्यंत समोर बसून राहायची. बंदुकांचा तिला मनापासून तिटकारा. मागच्या खोलीचं दार उघडं दिसलं तर ती स्वतः उठून लावायची.

त्या दिवशी ती म्हणाली, "तुझ्या त्या बंदुका आहेत ना, त्यांतली तुझी आवडती कुठली?"

हालवरचा घास हातातच राहिला. "तुला कधीपासून बंदुकांची आवड लागली?"

"विचारलं तर काय बिघडलं?"

"काही नाही. मीठ दे."

आणि मंगळवारी बिलिंग्जहून लेकीचा, कॅरिनचा, फोन आला. हवा कशी आहे, गुडघा कसा आहे, गोळ्या घेता ना, सगळं झालं. मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "बाबा, एक विचारू? तुमच्या रायफलींमध्ये तुमची अगदी जीवाची अशी कुठली?"

"दार वाजतंय," असं खोटंच सांगून त्याने फोन ठेवला.

तो कितीतरी वेळ स्वयंपाकघरात तसाच उभा राहिला. एकाने विचारलं असतं तर सोडून दिलं असतं. दोघांनी विचारलं असतं तर योगायोग म्हटलं असतं. तिघंही एकच प्रश्न विचारतात, जवळजवळ त्याच शब्दांत, आणि तिघंही विचारताना दुसरीकडे बघतात. कॅरिनचं तोंड फोनवर दिसत नव्हतं, पण तीही खिडकीबाहेर बघत असणार याबद्दल त्याला शंका नव्हती.

काय चाललंय, याचा त्याला अंदाज आला. त्याच वर्षीच्या वसंतात रस्त्याच्या टोकाचा म्हातारा पेडरसन गेला होता. पोरांनी घर रिकामं केलं तेव्हा त्याच्या बंदुका अंगणात टेबलावर मांडल्या होत्या, बशा-वाट्यांच्या शेजारी, आणि अनोळखी माणसं त्या उचलून नळीतून आरपार बघत होती. हालवरही तिथे गेला होता. काही न घेता परत आला होता. पेडरसन निदान मेला तरी होता.

त्या दिवसापासून तो घरातल्या वस्तू निरखायला लागला. कपाटाची किल्ली डब्यातून काढून त्याने इंगाच्या शिवणाच्या टोपलीत लपवली. मागच्या दाराची कडी सरकलेली दिसली. आपणच सरकवली असेल, की कोणी आलं होतं? लोवेलची गाडी एकदा रस्त्यावर थांबलेली दिसली. आत बसून तो फोनवर बोलत होता. हालवर पडद्याआड उभा राहून बघत राहिला. लोवेलला फोनवर बोलायचा कंटाळा. बायकोशीसुद्धा बोलायचा नाही. मग हा कोणाशी इतकं बोलतोय?

मग त्याला युक्ती सुचली आणि ती सुचल्यावर त्याला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. तिघांना तीन वेगळी नावं सांगायची. लोवेलला सांगायचं माउझर. व्हर्नाला विंचेस्टर. कॅरिनला स्प्रिंगफील्ड. आणि गप्प बसायचं. एकाला सांगितलेलं नाव दुसऱ्याच्या तोंडून आलं की कोण कोणाला सामील आहे ते कळेल.

लोवेलला त्याने दुसऱ्याच दिवशी गाठलं. "तू विचारत होतास ना? माउझर. तिच्यासारखा नेम दुसरीचा नाही."

"माउझर?" लोवेल जरा चक्रावला. "तू ती शिकारीला कधी आणल्याचं मला आठवत नाही."

"जीवाची वस्तू कोणी चिखलात नेतं का?"

लोवेलने मान हलवली, पण त्याला ते पटलं नसल्याचं हालवरला दिसलं. व्हर्नाचं काम सोपं होतं. "विंचेस्टर. वडिलांची आहे," एवढं म्हटल्यावर तिचे डोळेच भरून आले. ते बघून त्याला थोडं अपराधी वाटलं, पण थोडंच.

कॅरिनला त्याने स्वतः फोन केला. दुपारची वेळ होती. ती कामावरून आलेली, दमलेल्या आवाजात बोलत होती, आणि मागे तिचं कुत्रं भुंकत होतं. हालवर म्हणाला, "तू रायफलीचं विचारत होतीस. ती बावीस. तुला ओढ्यापाशी शिकवलं ना, तीच. बीन्सचे डबे मांडले होते आपण भिंतीवर. तू कानात पावाच्या गोळ्या घालून आली होतीस आणि एक गोळी आत अडकून बसली. तुझ्या आईने मला काय धुतलं होतं."

कॅरिन हसली. मग कितीतरी वेळ दोघं ओढ्याबद्दलच बोलत राहिली. फोन ठेवल्यावर हालवरने कॉफी करून घेतली. तिन्ही फासे मनासारखे टाकून झाले होते.

शनिवारी सकाळी न सांगता कॅरिन येऊन उभी राहिली. एवढ्या लांबून गाडी चालवत आलेली, हातात डोनटचा खोका, चेहऱ्यावर ओढून आणलेलं हसू. "जवळून चालले होते," म्हणाली. बिलिंग्जहून कुठेही जायचं असलं तरी हालवरचं घर जवळून लागत नाही.

कॉफी ओतताना ती म्हणाली, "बाबा, त्या माउझरची काळजी कोण घेतं हो? तेलबिल?"

हालवरने कप खाली ठेवला. सापडली. "माउझरचं तुला कोणी सांगितलं?"

"म्हणजे? तुमचीच तर आहे."

"सातांतली माउझरच कशी आठवली? लोवेल बोलला ना?"

हालवरला वाटलं होतं की कॅरिन ओशाळेल, नाहीतर चिडेल. दोन्हींतलं काहीच झालं नाही. ती घाबरलेली दिसत होती, आणि ते त्याला समजेना.

तेवढ्यात बाहेर लोवेलची गाडी लागली. त्याच्या शेजारच्या सीटवरून व्हर्ना उतरली. दोघं दार न वाजवता आत आले आणि आपापल्या खुर्च्या ओढून बसले.

"छान," हालवर म्हणाला. "सगळी टोळी जमली. बोला, विकायचं कधी ठरलंय? मला टेबल मांडायला अंगणातलं गवत तरी कापू द्या."

"कोणी काही विकत नाहीये," व्हर्ना म्हणाली.

"मग तिघंही एकच प्रश्न का विचारत फिरताय? पोलीस झालात का?"

लोवेलने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तू सांग त्याला," तो कॅरिनला म्हणाला. "आपल्याला हे असलं जमत नाही."

कॅरिनने खुर्ची वडिलांजवळ सरकवली. "बाबा, सप्टेंबरमध्ये आपण डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो, आठवतं? तुम्हाला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शब्द लक्षात ठेवायला लावले. त्या काय म्हणाल्या?"

"वयाचं आहे म्हणाल्या."

"तेही म्हणाल्या. पण पुढे म्हणाल्या की हे वाढत जाणार. आणि घरातल्या बंदुका आता दुसरीकडे ठेवायला हव्यात. तुमच्यासमोर म्हणाल्या, बाबा. गाडीत आपण त्यावर बोललो. तुम्ही म्हणालात, एक तरी राहू दे. मी म्हटलं, बोल्ट काढून, म्हणजे उडणार नाही अशी करून, एक ठेवू, तुमची आवडती. बाकीच्या लोवेलकाका त्यांच्याकडे कुलपात ठेवतील. त्या तुमच्याच राहतील. तुम्ही केव्हाही जाऊन बघा."

हालवरला दवाखान्याची खोली आठवत होती. भिंतीवर ट्राउट जातीच्या माशांचं चित्र होतं, आणि त्यातला एक मासा चुकीचा रंगवलेला होता. गाडीत काय बोलणं झालं ते मात्र त्याला आठवेना.

"मग सरळ विचारायचं," तो म्हणाला.

"मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळेला तुम्ही अशा नजरेने बघितलंत, जणू मी पहिल्यांदाच विचारतेय. म्हणून म्हटलं, आडून विचारावं. आणि मग या आठवड्यात..." तिने डोनटचा खोका बाजूला सारला. "तुम्ही तिघांना तीन वेगळी नावं सांगितलीत."

हे ऐकून हालवर चक्क हसला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मोकळं हसला. "अगं वेडे, तो सापळा होता. मुद्दाम वेगळी सांगितली. कोण कोणाशी बोलतंय ते बघायला. आणि बघ, तू माउझर म्हणालीस की नाही?"

लोवेल बघतच राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. "म्हाताऱ्या, तू म्हणजे ना. आणि आम्ही इथे रडायच्या बेतात. मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, हालवर माउझर म्हणाला, संपलं सगळं."

व्हर्नानेही डोळे पुसले, पण ती हसली नाही. "थांब जरा. मग सांग बघू, कोणाला काय सांगितलंस?"

"लोवेलला माउझर," हालवर बोटांवर मोजत म्हणाला. "तुला विंचेस्टर. आणि हिला स्प्रिंगफील्ड."

लोवेलचं हसू हळूहळू थांबलं. व्हर्ना कॅरिनकडे बघायला लागली.

"स्प्रिंगफील्ड नाही, बाबा," कॅरिन म्हणाली. "बावीस म्हणालात."

"नाही. स्प्रिंगफील्ड. मी आधीच ठरवलं होतं."

"ठरवलं असेल. पण फोनवर बावीस म्हणालात."

त्याने तिच्याकडे निरखून बघितलं. एक क्षण त्याला खरंच वाटलं की हाही त्यांच्या कटातलाच भाग असेल. त्याला वेडा ठरवायला तिघांनी घरूनच हे ठरवून आणलं असेल. लोवेलने नजर खाली वळवली होती. व्हर्ना रुमाल गुंडाळत होती. त्यांच्यातलं कोण खोटं बोलतंय, ते तो शोधत राहिला. कुणाच्याही चेहऱ्यावर त्याला ते सापडेना.

"तुम्ही बीन्सच्या डब्यांचं बोललात," कॅरिन हळू आवाजात म्हणाली. "ओढ्याजवळची भिंत. माझ्या कानात पावाची गोळी अडकली होती ते. आपण कितीतरी वेळ बोललो. मला फार छान वाटलं होतं, बाबा."

ओढा त्याला लख्ख दिसत होता. डबेसुद्धा दिसत होते, कॅरिनचा लाल स्वेटर दिसत होता. पण त्या आठवड्यात फोनवर बोलल्याचं त्याला काहीच आठवत नव्हतं. आणि हे फक्त हिला आणि आपल्यालाच माहीत आहे. लोवेलला नाही, व्हर्नाला तर नाहीच. आणि ही गोष्ट ती कटासाठी वापरणार नाही. तेव्हा आपणच बोललो असणार.

हालवरने एक डोनट उचलला, अर्धा तोडला, खाल्ला नाही. मग तो उठला, शिवणाच्या टोपलीतून किल्ली काढली आणि म्हणाला, "चला."

मागच्या खोलीत त्याने कपाट स्वतः उघडलं. एकेक रायफल काढून, ती रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, तो लोवेलच्या हातात देत गेला. विंचेस्टर देताना म्हणाला, "हिचा दस्ता उन्हात ठेवू नकोस." माउझर देताना म्हणाला, "हिच्यावर माझं कधीच प्रेम नव्हतं." लोवेल म्हणाला, "ते मला माहीतच होतं." बावीस त्याने कॅरिनच्या हातात दिली. ती नको नको म्हणाली आणि मग घट्ट धरून उभी राहिली.

शेवटी कपाटात एकच उरली. साधी रेमिंग्टन, कुठल्याही दुकानात मिळते तशी. तिच्या दस्त्यावर आडवा मोठा ओरखडा होता. ती दाखवताना तो पाहुण्यांना काहीच सांगायचा नाही, म्हणून कोणी तिच्याकडे बघायचंही नाही.

"ही," तो म्हणाला.

"ही?" व्हर्नाने विचारलं. "हिचं काय विशेष?"

"लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात इंगा माझ्याबरोबर आली होती. बर्फावरून घसरली, पण हिला सोडलं नाही. हात मोडला तरी नाही. खाली आल्यावर मला म्हणाली, घे तुझी बाई, मला हिची शिकार व्हायचं नाही."

व्हर्नाने तोंडावर हात ठेवला. बहिणीचा हात मोडल्याचं तिला माहीत होतं. पण इंगाने तिला 'गोठ्यात पडले' असंच सांगितलेलं होतं.

"नक्की हीच ना, बाबा?" कॅरिनने विचारलं.

"विचार करून सांगतो म्हटलं तर आणखी घाबरशील. हीच."

त्याने बोल्ट काढून तिच्या तळहातावर ठेवला आणि रायफल परत कपाटात उभी केली. किल्ली मात्र त्याने स्वतःच्याच खिशात टाकली.

हंगाम सुरू झाल्यावर लोवेल त्याला घेऊन गेला. हालवरजवळ दुर्बीण होती आणि थर्मासमध्ये कॉफी. दोघं कड्याखाली दगडाला टेकून बसले. समोर उतारावर पाइन वृक्षांची काळी रांग, तिच्या कडेला गवत वाऱ्याने झोपलेलं.

"आज वार कुठला रे?" लोवेलने विचारलं.

हालवरने दुर्बीण खाली घेतली. "का विचारतोस?"

"म्हणजे?"

"कॅरिनने सांगितलंय का तुला विचारायला?"

लोवेलने त्याच्याकडे बघितलं. "लेका, मी रिटायर होऊन किती वर्षं झाली. मला खरंच माहीत नाही."

हालवर थोडा वेळ त्याचं तोंड न्याहाळत राहिला. मग म्हणाला, "गुरुवार."

"बरं," लोवेल म्हणाला. खरं की खोटं, हे त्याने तपासून पाहिलं नाही. उतारावर पाइनच्या कडेला काहीतरी हललं, आणि ते लोवेलच्या आधी हालवरला दिसलं. त्याने न बोलता लोवेलच्या दंडावर बोट टेकवलं आणि दुसऱ्या हाताने जागा दाखवली.